एक तारा देणाऱ्या कॅप्टनना उत्तर: जुनी टेरेन फाइल मी परत टाकणार नाही

नमस्कार कॅप्टन,

तुमचा अभिप्राय रविवारी रात्री वाचला. उत्तर द्यायच्या आधी कामाची वही काढली, तुमचं बिल पाहिलं, लॅपटॉपवरच्या नोंदी तपासल्या आणि दुकानातल्या मुलाला समोर बसवून सगळं विचारलं. म्हणून दोन दिवस गेले.

तुम्ही लिहिलंय की, विमानात वापरायचं पोर्टेबल जीपीएस तुम्ही टेरेन डेटाबेस, म्हणजे जमिनीच्या चढउताराची माहिती, अपडेट करायला आमच्याकडे दिलं. आम्ही एक दिवस सांगून चार दिवस लावले. पैसे घेऊनही टेरेनपुढे जुनंच साल दिसतंय. तुमचे साठवलेले वेपॉइंट, म्हणजे नकाशावर खूण करून ठेवलेले बिंदू, गेले. यंत्रातली उंची विमानातल्या अल्टिमीटरशी, म्हणजे उंची दाखवणाऱ्या उपकरणाशी, जुळत नाही. आणि मुख्य तक्रार अशी की, ५५०० फुटांवरून कळसूबाईच्या रांगेजवळून येताना जिथे इतकी वर्षं स्क्रीन स्वच्छ असायची, तिथे आता पिवळा डाग येतो. ‘चांगला डेटाबेस बिघडवून दिला, जुनी फाइल परत टाका नाहीतर सगळे पैसे परत करा,’ असं तुमचं शेवटचं वाक्य आहे.

आधी आमच्या चुका.

टेरेनची फाइल जड असते. तुमच्या यंत्राच्या पिढीत यूएसबीचा वेग कमी, त्यामुळे ती चढायला सव्वा तास लागतो. तेवढ्यात केबल जरा जरी हलली तरी अर्धी चढलेली फाइल काही कामाची नसते. आमच्या मुलाने केबल थेट लॅपटॉपला न लावता हबमधून लावली. फाइल बरीचशी चढली होती तेव्हा जोडणी तुटली, आणि यंत्र चालू केल्यावर टेरेनच्या पानावर काहीच दिसेना. मग यंत्र रिसेट करून पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. त्या रिसेटमध्ये तुमचे वेपॉइंट पुसले गेले. हे तुम्हाला त्याच संध्याकाळी फोन करून सांगायला हवं होतं. आम्ही सांगितलं नाही, आणि तुम्हीच फोन केलात तेव्हा ‘काम चालू आहे’ एवढंच उत्तर मिळालं. याबद्दल मनापासून माफी मागतो. काम करणारा मुलगा नवा आहे, पण दुकान माझं आहे.

वेपॉइंट मात्र गेलेले नाहीत. काम हातात घेतल्यावर पहिल्यांदा बॅकअप घ्यायचा हा आमचा नियम आहे आणि तो त्या दिवशीही पाळला गेला होता. परत चढवायचं तेवढं राहून गेलं. फाइल धड आहे ना हे पाहायला मी ती उघडली. सगळे ६७ बिंदू जागेवर आहेत. त्यांत मोजकीच विमानतळांची नावं आहेत. बाकी सगळी माळरानं, तलावाकाठची सपाट पट्टी, रस्त्याचा सरळ तुकडा, आणि काहींपुढे तुम्ही ‘फक्त उन्हाळ्यात’ असं लिहून ठेवलंय. इंजिन बंद पडलं तर कुठे उतरता येईल, याचा हा तुमचा वर्षानुवर्षांचा हिशेब आहे. असा डेटा कुठलीही कंपनी विकत नाही. तो पुसलेला पाहून तुम्हाला काय वाटलं असेल ते मला कळतं.

दुसऱ्या दिवशी टेरेन पूर्ण चढला. पुढचे दोन दिवस मी तपासणीला घेतले, आणि ते घेतल्याचं मला वाईट वाटत नाही. एकदा फाइल तुटली की पुढची पूर्ण चढली असं यंत्राने सांगितलं तरी मी डोळे झाकून विश्वास ठेवत नाही. आमचा मूळ धंदा जमीनमोजणीच्या उपकरणांचा. त्यामुळे माहीत असलेल्या उंचीच्या जागा घेऊन पडताळायची सवय हाताला आहे. साल्हेर, ब्रह्मगिरी, कळसूबाई, मग गोदावरीच्या काठची सपाटी, मग घाट उतरून खाली कोकणपट्टी, अशा ठिकाणी कर्सर नेऊन स्क्रीनवरचा आकडा आमच्याकडच्या आकड्याशी ताडून पाहिला.

आता सालाबद्दल. नॅव्हिगेशनचा डेटा, म्हणजे धावपट्ट्या, फ्रिक्वेन्सी, हवाई हद्दी, दर २८ दिवसांनी बदलतो. त्याची मुदत संपली की यंत्र सुरू होतानाच सांगतं. तुम्हाला तीच सवय आहे, म्हणून टेरेनवरही ताजी तारीख हवी असं वाटलं. टेरेनला तशी मुदत नसते. जगभरच्या उंचीच्या माहितीचा मोठा पाया फेब्रुवारी २००० मध्ये एन्डेव्हर या अंतराळयानाने ११ दिवसांत रडारने केलेल्या मोजणीचा आहे. ६० मीटर लांबीचा दांडा बाहेर काढून दोन अँटेनांनी ती मोजणी झाली आणि पृथ्वीवरची सुमारे ८० टक्के जमीन तिच्यात आली. नवी आवृत्ती निघते ती बहुतेक वेळा डोंगर बदलला म्हणून नाही, तर त्याच डोंगराची माहिती अधिक बारीक झाली किंवा जुनी चूक सापडली म्हणून. तुमच्या यंत्रासाठी जी शेवटची आवृत्ती निघाली ती आम्ही टाकलेली आहे. तिच्यावरचं साल जुनं दिसतं, कारण तिच्यानंतर त्या मॉडेलसाठी दुसरी निघालीच नाही.

टॉवर, धुरांडी, पवनचक्क्या अशा अडथळ्यांची फाइल वेगळी असते आणि ती मात्र शिळी होते. साताऱ्याच्या पठारावर नाहीतर धुळ्याकडे गेल्या काही वर्षांत किती पवनचक्क्या उभ्या राहिल्या ते तुम्ही वरून पाहता. ती फाइल तुमच्या कामात धरलेली नव्हती, आणि आमच्या बिलावर नुसतं ‘डेटाबेस अपडेट’ लिहिलेलं होतं. वाचणारा सगळंच आलं असं समजणार, चूक आमची. आता बिलावर प्रत्येक फाइलचं नाव, आवृत्ती आणि व्याप्ती लिहायला सुरुवात केली आहे.

उंचीचं सांगतो. अल्टिमीटर ५५०० आणि यंत्र ५७२० दाखवत होतं, असं तुम्ही लिहिलंय. याचा आमच्या फाइलशी संबंध नाही. अल्टिमीटर हवेचा दाब मोजतो आणि हवा ठरावीक तापमानाची आहे असं धरून त्याचे फूट करतो. त्या हिशेबात ५५०० फुटांवर चारेक अंश सेल्सिअस असायला हवेत. आपल्याकडे मार्चमध्ये तिथे वीसच्या आसपास असतात. गरम हवा फुगलेली असते, म्हणून खरी उंची अल्टिमीटरच्या आकड्यापेक्षा जास्त भरते. दोनशे-अडीचशे फुटांचा फरक यातूनच येतो. थंड प्रदेशात हे उलटं होतं, आणि ते जास्त घातक. उडताना मात्र उंची अल्टिमीटरनेच ठेवायची, कारण आसपासची बाकीची विमानंही त्याच मापाने उडतात. हे तुम्ही मला शिकवावं, मी तुम्हाला नाही. इथे वाचणाऱ्या इतरांसाठी लिहिलं.

आणि आता तो पिवळा डाग.

तुमच्या यंत्रात विमानाच्या खाली १०० ते १००० फुटांत जमीन आली की पिवळा रंग येतो, १०० फुटांच्या आत किंवा विमानापेक्षा वर असली की लाल. यंत्राच्या हिशेबाने तुम्ही ५७२० वर होता. तुमची जुनी फाइल ३० आर्कसेकंदांची होती, म्हणजे जमिनीचा साधारण ९०० मीटर लांबीरुंदीचा चौकोन आणि त्या अख्ख्या चौकोनाला एकच आकडा. नवी ९ आर्कसेकंदांची आहे, चौकोन सुमारे पावणेतीनशे मीटरचा. जुन्या एका चौकोनात नवे अकरा बसतात. सपाट मुलखात दोन्ही फाइली सारख्याच वाटतील. पण आपला सह्याद्री असा नाही. अलंग, मदन, कुलंग हे गड आठवा, कळसूबाईचं टोक आठवा. रुंदी काहीच नाही आणि दोन्ही बाजूंना खोल उतार. ९०० मीटरच्या चौकोनात अशी धार विरून जाते.

कामाआधी आम्ही तुमच्या जुन्या फाइलचेही आकडे टिपून ठेवले होते. कळसूबाईच्या माथ्यावर कर्सर नेल्यावर ती दाखवायची ४६१० फूट. ५७२० मधून ते वजा केले की ११०० च्या वर अंतर उरतं, म्हणून रंग नाही. नवी फाइल त्याच जागी दाखवते ५३३०. अंतर ३९०. म्हणून पिवळा.

कळसूबाईची उंची १६४६ मीटर आहे. आपल्या राज्यातलं सगळ्यात उंच शिखर, शाळेच्या पुस्तकात असतं. त्याचे फूट होतात ५४००. म्हणजे नवी फाइलसुद्धा ७० फूट कमीच सांगते, आणि जुनी जवळजवळ ८०० फूट कमी सांगत होती. इतकी वर्षं स्क्रीन स्वच्छ दिसत होती तेव्हाही डोंगर तिथेच होता, कॅप्टन. तुम्ही थेट माथ्यावरून गेला असतात तर खालचं अंतर तीनसव्वातीनशे फूट होतं.

मी पायथ्याच्या बारी गावाच्या बाजूने दरवर्षी एकदा तरी कळसूबाई चढतो. शेवटची लोखंडी शिडी संपली की देवीचं छोटं देऊळ, आणि त्याच्या भोवती माणसांना जेमतेम उभं राहता येईल एवढी जागा. नवरात्रात तिथे पाय ठेवायला जागा नसते. एकदा पहाटे धुकं होतं. देवळाला टेकून बसलो होतो आणि एका लहान विमानाचा आवाज आला. खालून नाही, वरूनही नाही, समोरून आल्यासारखा. दिसलं काहीच नाही. आवाज डावीकडून उजवीकडे गेला आणि विरला. शेजारी बसलेल्या एका आजींनी हात जोडले. त्या विमानाच्या स्क्रीनवर त्या क्षणी काय दिसत असेल, हा विचार तेव्हापासून माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

म्हणून जुनी फाइल मी परत टाकणार नाही. दुसऱ्या कुणी टाकून दिली तर मी अडवू शकत नाही, पण माझ्या दुकानात ते होणार नाही, आणि त्यासाठी तुमचा एक तारा तसाच राहिला तरी चालेल. इशाऱ्याच्या आवाजाचा त्रास होत असेल तर आवाज कमी करायची सोय सेटिंगमध्ये आहे, मी दाखवतो. रंग मात्र राहू द्या. यंत्र स्वतःच सुरू होताना सांगतं की ही माहिती फक्त मदतीपुरती आहे, नजर बाहेर हवी. ते खरंच आहे. पण दुय्यम मदत असली म्हणून तिच्यात ८०० फुटांचं खोटं ठेवायचं का?

पैशांचं असं करतो. मजुरीचे सगळे पैसे आज परत पाठवतो, कारण काम वेळेत झालं नाही आणि पूर्णही झालं नाही. फाइलचे पैसे परत करत नाही, कारण फाइल तुमच्या यंत्रात आहे आणि ती बरोबर आहे. अडथळ्यांची फाइल वेगळे पैसे न घेता टाकून देतो. तिच्याबद्दल एकच विनंती: तिच्यात टॉवर दिसला नाही म्हणजे तिथे टॉवर नाही, असं धरू नका.

शनिवारी दुपारी तीननंतर या, त्या वेळी दुसरं काम घेतलेलं नाही. ६७ वेपॉइंट तुमच्यासमोर चढवतो, तुम्ही एकेक तपासून घ्या. जुन्या आणि नव्या फाइलचे टिपलेले आकडे छापून ठेवले आहेत, तुमच्या नेहमीच्या मार्गावरच्या आणखी जागा सांगितल्यात तर त्याही बघू. येताना यंत्राबरोबर आलेली मूळ केबल आणा. आमच्याकडच्या केबलचं टोक सैल झालेलं निघालं, ती मी काल टाकून दिली.