झाकली मूठ, सव्वा लाख व्ह्यूज

एक्सेल शिकवणाऱ्या रील्स करायचं ठरवलंत, अभिनंदन. एक्सेल येत नसेल तर दुप्पट अभिनंदन. ज्याला येतं त्याला प्रत्येक युक्तीमागे तीन 'पण' आठवतात, आणि 'पण' म्हटलं की पॉझिटिव्ह एनर्जी गळायला लागते.

सुरुवात दणक्यात करा. "तुम्ही अजूनही हे हातानं करता?" असं विचारा आणि विचारताना कपाळावर हात मारा. समोरचा गेली अकरा वर्षं ते हातानंच करत असतो आणि त्याचं बरं चाललेलं असतं. आज रात्री त्याला झोप लागणार नाही. तो फॉलो करेल.

मग डेटा. इथे हयगय नको. तुमच्या शीटमध्ये कायम आठच माणसं असावीत. आठही जणांचं एक नाव, एक आडनाव आणि मध्ये एकच स्पेस. कंट्रोल-ई दाबलं की फ्लॅश फिल नावाची सोय जागी होते, नावं इकडे, आडनावं तिकडे. मागे 'टुण्ण' असा आवाज टाका. खरी यादी चुकूनही घेऊ नका. खऱ्या यादीत कुणी आडनावापासून सुरुवात करतं, कुणी वडिलांचं नाव घालतं, कुणापुढे सौ., कुणापुढे ॲड., आणि निदान दोघांपुढे कै. असतं, कारण फ्लॅट अजून त्यांच्याच नावावर आहे. फ्लॅश फिल बिचारं नमुना बघून अंदाज बांधतं. पहिला शब्द म्हणजे नाव, असं तुम्हीच त्याला शिकवलेलं. दिवाळीला मेल मर्ज करून, म्हणजे एकच पत्र यादीतल्या प्रत्येकाच्या नावानं काढून, शुभेच्छा जातात: 'प्रिय कै., येणारं वर्ष आपल्याला आरोग्यदायी जावो.' इतकी सकारात्मकता कुठल्याही योगगुरूला अजून जमलेली नाही.

फ्लॅट नंबर ३-४ टाइप केला की एक्सेल त्याची ३ एप्रिल करून टाकतं. नकारात्मक माणूस यावर चिडतो. तुम्ही हात जोडून म्हणा, जग बदलत नसतं, आपण बदलायचं असतं. थट्टा नाही, शास्त्रज्ञांनी हेच केलं. माणसाच्या काही जनुकांची नावं मार्च-१, सेप्ट-१ अशी होती. एक्सेल त्यांच्या तारखा करायचं आणि त्या शोधनिबंधांच्या तक्त्यांत तशाच छापून यायच्या. शेवटी २०२० मध्ये जनुकांना नावं देणाऱ्या समितीनं जनुकांचीच नावं बदलली. मार्च-१ चं मार्चएफ-१ झालं. अक्षर-आकड्यांची परस्पर तारीख करायची ही खोड बंद करण्याची सोय मायक्रोसॉफ्टनं दिली ती २०२३ मध्ये. तोवर जनुकांनी जुळवून घेतलं होतं. घरात जुळवून कुणी घ्यायचं असतं, ते कुठल्याही सुनेला विचारा.

आता तुमचं ब्रह्मास्त्र: इफएरर. व्हीलुकअप म्हणजे एका यादीतलं दुसऱ्या यादीत शोधून आणणारं सूत्र. त्याला हवं ते सापडलं नाही की ते सरळ 'हॅश एनए' असं तोंडावर सांगतं. घरी पाहुणे बसलेत आणि कार्टं ओरडतंय, "आई, साखर संपलीय!" त्याच्या अंगावर इफएरर पांघरा. चूक आली तर शून्य दाखव, नाहीतर काहीच दाखवू नकोस. २००७ च्या एक्सेलपासून ही सोय आहे, म्हणजे सगळं छान चाललंय असं दाखवण्यात एक्सेल इन्स्टाग्रामच्याही तीन वर्षं पुढे होतं. शीट कशी देवघरासारखी लख्ख दिसते.

हे मी अनुभवानं सांगतोय. आमच्या सोसायटीचा खजिनदार मी आहे (सभेला उशिरा पोचलो होतो). मेंटेनन्सच्या शीटवर एका रीलमधलं हेच सूत्र लावलं. बँकेकडून आलेल्या यादीत काही फ्लॅट नंबरांच्या शेपटाला एक रिकामी स्पेस चिकटलेली होती. डोळ्यांना दिसत नाही, पण व्हीलुकअपला ती खुपते, जुळणी होईना. इफएररनं तिथे मुकाट्यानं शून्य मांडलं. दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त काका दर महिन्याच्या १ तारखेला पैसे भरतात, संध्येइतक्या नेमानं. त्यांना थकबाकीची नोटीस गेली, व्याजासकट. सकाळी सव्वासहाला ते पासबुक घेऊन दारात. मी रील्समध्ये पाहिलेलं हसू हसून बघितलं. चाललं नाही.

ती स्पेस काढणारं ट्रिम नावाचं साधं फंक्शन आहे. पण ट्रिमवर रील करू नका. पडद्यावर काही घडताना दिसतच नाही, बघणाऱ्याला वाटतं मोबाइल अडकला.

व्हीलुकअपच्या शेवटी 'फॉल्स' लिहायचं असतं, हेही सांगायची गरज नाही. ते लिहिलं नाही तर व्हीलुकअप तंतोतंत शोधत बसत नाही. जवळपासचं काहीतरी उचलून देतं, आणि देताना आवाज जराही कापत नाही. मला तर त्यात आदर्श कंटेंट क्रिएटर दिसतो.

ब्रिटनमध्ये २०२० च्या सप्टेंबर अखेरीस कोविडचे जवळपास १६ हजार रुग्ण असेच शांतपणे गळाले. जुन्या प्रकारच्या एक्सेल फाइलला ६५,५३६ ओळींपुढे जागाच नसते. उरलेल्यांना तिनं आत घेतलं नाही आणि बोभाटाही केला नाही. आठवडाभर रोजचे आकडे होते त्याहून बरे दिसत राहिले. रुग्णांना आपापला निकाल कळला होता. त्यांच्या संपर्कात आलेल्यांना शोधणाऱ्यांच्या हाती मात्र ही नावं उशिरा पडली. हा विषय घेऊ नका. रीच पडते.

पैशांचं थोडक्यात: यूट्यूबवर लांब व्हिडिओंच्या जाहिरातींचा वाटा मिळायला १,००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४,००० तास बघितलं जाणं लागतं. तेवढ्या तासांत एक माणूस खरोखरच एक्सेल शिकला असता, पण ते असो. नापसंतीची काळजी नको, तो आकडा यूट्यूबनं नोव्हेंबर २०२१ पासून लोकांना दाखवणंच बंद केलंय. इफएरर त्यांनाही पटलेलं दिसतं.

शेवटी कॅमेऱ्याकडे बोट करून सांगा, "कॉमेंटमध्ये 'एक्सेल' लिहा, शंभर शॉर्टकटची पीडीएफ फुकट पाठवतो." चारशे जण 'एक्सेल' लिहितील. सहा जण 'एक्सल' लिहितील आणि पीडीएफ न मिळाल्यामुळे तुम्हाला चोर म्हणतील. त्यांना ब्लॉक करा, तुमचं मन जपा. एखादा विचारेल, "सर, सूत्र तुमच्यासारखंच टाकलं, पण माझा सगळा कॉलम शून्य येतोय. उद्या ऑडिट आहे." त्याला एक लाल बदाम द्या. पिन मात्र त्याच्या वरची 'खूप सुंदर माहिती सर' ही करा.