दादाची पत्रिका आणि शनिवारची सकाळ

दादाला विचारून लिहितेय. त्याने आधी वाचलं, दोन वाक्यं काढायला लावली आणि म्हणाला, "टाक. आमच्या डिपार्टमेंटमध्येच माझ्यासारखे अजून चारजण आहेत."

माझा दादा नाशिकला, अंबडच्या एका कारखान्यात प्रॉडक्शन बघतो. घर सिडकोत. सकाळी साडेसातला बाहेर पडायचा, रात्री साडेनऊला परत. साप्ताहिक सुट्टी शनिवारची, पण ती कागदावरच. घरात पाऊल टाकलं की आधी चार्जर. जेवताना ताटाशेजारी फोन उभा करून ठेवलेला, त्यात रिजेक्शनचे, म्हणजे नापास झालेल्या मालाचे आकडे. वहिनीशी बोलणं म्हणजे सिलेंडर आला का, फी भरली का. मला फोन केला तर चाळीस सेकंदांत संपायचा. घरात भांडण नाही, दारू नाही, पगार वेळेवर. तक्रार तरी कशाची करणार? वहिनी एकदा भाजी निवडता निवडता म्हणाली, "ताई, हे घरी येतात, पण घरात नसतात." त्यावर मला काहीच बोलता आलं नाही.

बाबा २०२४ च्या फेब्रुवारीत गेले. नाशिकरोडच्या प्रेसमध्ये आयुष्य गेलं त्यांचं. रामकुंडावर दहावा झाला. पाहुण्यांची ने-आण, दक्षिणा, मृत्यूचा दाखला, पेन्शनचे कागद, दादाने एकही गोष्ट विसरली नाही. रडला मात्र नाही. चौदाव्या दिवशी तो कामावर हजर होता. आम्ही सगळ्यांनी त्याचं कौतुक केलं, पोरगा किती खंबीर आहे म्हणून. त्या कौतुकात मीही होते, आणि आज मला त्याचं फार वाईट वाटतं. तो खंबीर नव्हता. त्याला थांबायला जागाच दिली नव्हती आम्ही.

त्यानंतर वर्षभरात तो आणखी गप्प झाला. रात्री दोन-अडीचला उठून गॅलरीत बसायचा. माझी भाची नववीत आहे. तिला शाळेत बक्षीस मिळालं, तर त्याने मान वर न करता "छान" म्हटलं. तिने पुन्हा कधी काही दाखवलं नाही.

मी म्हणाले, समुपदेशकाकडे जाऊ. "मला काय वेड लागलंय का?" म्हणून त्याने विषय संपवला. आई म्हणाली, पत्रिका दाखवू. याला तो लगेच तयार झाला. तेव्हा मला त्याचा राग आला होता. आता त्यामागचं कारण कळतं. डॉक्टरकडे जायचं तर आधी कबूल करावं लागतं की माझं काहीतरी बिघडलंय. पत्रिका दाखवताना बिघडलेला असतो तो शनी. ज्याला आयुष्यभर कणखर राहायला शिकवलंय, त्याला ही एवढीच फट सापडते.

पहिल्या ज्योतिषांकडे दहा मिनिटं गेली. कुंभ रास, साडेसाती, त्यात पितृदोष. उपाय म्हणजे त्र्यंबकेश्वरी नारायण नागबळी आणि बोटात नीलम. दादाने तिथल्या तिथे फोन काढून पैसे पाठवले. विधी तीन दिवसांचा. मी त्या विधीला नावं ठेवत नाही. देशभरातून माणसं त्यासाठी त्र्यंबकला येतात, त्यांच्या श्रद्धेला माझा नमस्कार आहे. पण माझा भाऊ नवं पांढरं धोतर नेसून पिंडांसमोर बसला होता आणि फोन कमरेला खोचलेला होता. दुसऱ्या दिवशी कारखान्यातली लाइन बंद पडली. त्याने उजव्या हाताने तर्पण केलं आणि डाव्या हाताने फोन कानाला लावला. गुरुजी थांबले, वहिनी खाली बघत राहिली. तीन दिवसांनी आम्ही परतलो. रात्री तो गॅलरीतच होता.

तेव्हापासून माझं एक ठाम मत झालंय. असल्या माणसाला पैशाने फेडता येईल असा उपाय देऊच नये. पैसे देणं हे त्याला सगळ्यात सोपं जातं. मुलीचा क्लास, आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, बायकोची साडी, तो सगळं पैशानेच फेडत आलाय. त्यात शनीचंही बिल भरून टाकलं. त्याच्याकडे नसलेली वस्तू एकच, वेळ. उपायाने तीच मागायला हवी.

बाबांच्या एका मित्रांनी पंचवटीतल्या दुसऱ्या गुरुजींचं नाव सुचवलं. (नाव देत नाही, त्यांनाही ते आवडणार नाही.) जुन्या वाड्यातली खोली, भिंतीला दाते पंचांग लटकवलेलं. त्यांनी पत्रिका बघितली, बाजूला ठेवली आणि विचारलं, "शनी चंद्रावर आला, म्हणजे तुमच्या राशीत शिरला, ती २०२३ च्या जानेवारीपासून पुढची दोन-सव्वादोन वर्षं. तेवढ्या काळात तुमच्या घरातून काय गेलं?"

दादा म्हणाला, "वडील." आणि मग बोलत सुटला. पाऊण तास. बाबांना आयसीयूत नेलं त्या रात्री तो कंपनीच्या ऑडिटसाठी पुण्यात होता. बाबांनी दोनदा फोन केला होता. त्याने मीटिंगमध्ये म्हणून कट केला होता. हे आम्हाला, आईला, वहिनीला, कुणालाच माहीत नव्हतं. वर्षाहून जास्त काळ तो ते दोन मिस्ड कॉल घेऊन फिरत होता.

गुरुजींनी त्याला गप्प केलं नाही, प्रारब्धाचं प्रवचनही दिलं नाही. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी कपालेश्वराची गोष्ट सांगितली. नाशिककरांना ती पाठ असते. महादेवाला ब्रह्महत्येचं पातक लागलं, ते डोक्यावर घेऊन तो रानोमाळ हिंडला, सुटका होईना. शेवटी एका वासराच्या मागोमाग तो रामकुंडात उतरला आणि मोकळा झाला. ते वासरू म्हणजे नंदी. महादेवाने त्याला गुरू मानलं, म्हणून कपालेश्वराच्या देवळात समोर नंदी नाही. गुरुजी एवढंच म्हणाले, "महादेवालासुद्धा एकट्याने जमलं नाही हो. तुम्ही कोण लागून गेलात?" दादा तिथे रडला. बाबा गेल्यानंतर पहिल्यांदा.

आता इथे माझे काही मित्र म्हणतील, म्हणजे तू ज्योतिषाचा प्रचार करतेस. नाही. जयंत नारळीकरांनी पुण्यात घेतलेल्या चाचणीबद्दल मी पूर्वीच वाचलंय. २०० पत्रिका गोळा केल्या होत्या, अर्ध्या हुशार मुलांच्या, अर्ध्या मतिमंद मुलांच्या. २७ ज्योतिषांना प्रत्येकी ४० पत्रिका देऊन कुठली कुणाची ते ओळखायला सांगितलं. बरोबर उत्तरं आली ४६ टक्के. नाणं उडवलं असतं तरी एवढं जमलं असतं. आणि साडेसातीचा हिशेब तर कुणीही घरी करावा. शनी एका राशीत साधारण अडीच वर्षं असतो आणि साडेसाती एका वेळी तीन राशींना असते. बारातल्या तीन राशी, म्हणजे कधीही बघा, जवळजवळ प्रत्येक चौथा माणूस साडेसातीत असतो. त्या काळात कुणाचं कुणी ना कुणी गेलेलं असणारच. गुरुजींचा प्रश्न बरोबर लागला, यात मला चमत्कार दिसत नाही.

पण तो प्रश्न दुसऱ्या कुणी विचारलाच नव्हता. मीही नाही. मी बँकेत बसते, दिवसाला पन्नास माणसांना "बोला, काय काम आहे" म्हणते, आणि सख्ख्या भावाला एकदाही विचारलं नाही की बाबांच्या शेवटच्या रात्री तू कुठे होतास. विवेकाच्या बाजूने बोलणाऱ्या माझ्या मित्रांना मला हेच सांगायचंय. तुमचं ग्रहांबद्दलचं म्हणणं खरं आहे. पण आमच्या घरातली माणसं ज्या भाषेत दुःख बोलू शकतात, ती भाषा अजून पत्रिकेची, देवळाची, ओवीची आहे. ती हिसकावून घ्याल, तर त्या जागी दुसरं काहीतरी आधी ठेवा.

आणि ज्योतिष सांगणाऱ्यांनाही तेवढ्याच कळकळीने सांगायचंय. तुमच्यासमोर असा माणूस पत्रिका ठेवतो तेव्हा त्याने दार उघडलेलं असतं. त्या दारातून भीती आत ढकलू नका. त्या गुरुजींनी नीलम काढून ठेवायला सांगितला. मग विचारलं, झोप किती तास लागते, भूक आहे का, जिवाचं बरंवाईट करावं असं मनात येतं का. शेवटच्या प्रश्नावर दादा गप्प राहिला. तेव्हा ते म्हणाले, "हे माझ्याकडचं काम नाही. या आठवड्यात डॉक्टरकडे जायचं. जाऊन आल्याचं मला येऊन सांगायचं, मगच उपाय देईन."

म्हणून तो गेला. माझ्या सांगण्याने नाही, गुरुजींच्या उपायासाठी. रक्तदाब १५६/१०० निघाला. मानसोपचारतज्ज्ञांनी नैराश्याचं निदान केलं, गोळ्या सुरू झाल्या, दर पंधरा दिवसांनी समुपदेशन. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०२१ साली मांडलं होतं की आठवड्याला ५५ किंवा त्याहून जास्त तास काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या मानाने, पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी जास्त असतो. दादाचे तास आम्ही कागदावर मांडले. प्रवास धरून ८४. कायद्यातली ४८ तासांची मर्यादा कामगारांसाठी, मॅनेजरला कोण विचारतो? हे शनीने केलं असं कुणी म्हटलं, तर मी भांडेन. हे माणसांनी केलंय आणि माणसांनाच बदलता येईल.

उपाय मिळाला तो असा. दर शनिवारी पहाटे टाकळीला जायचं, गोमय मारुतीच्या दर्शनाला. समर्थ रामदासांनी जिथे बारा वर्षं तप केलं, ती जागा. तेल वाहायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. फोन घरी ठेवायचा. सोबत मुलीला न्यायचं. तिथे अर्धा तास बसायचं, आणि येताना ती बोलेल ते ऐकायचं, आपण सल्ला द्यायचा नाही. दक्षिणा विचारली तर गुरुजी म्हणाले, "अकरा शनिवार झाले की या."

पहिले तीन शनिवार भाची काहीच बोलली नाही. चौथ्या शनिवारी तिने विचारलं, "आजोबा सायकलवर कसे जायचे एवढ्या लांब?" तेव्हापासून ते दोघं बाबांबद्दल बोलतात. वहिनी सांगते, आता घरीही बोलतात.

सगळं बरं झालंय असं नाही. गोळ्या चालू आहेत. काही रात्री अजून गॅलरीत जातात. कुणाच्या घरात असा माणूस असेल आणि तो कुठेच यायला तयार नसेल, तर टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, मोफत आहे, मराठीत बोलतात, दिवसरात्र चालू असतो. घरच्यांनीही लावला तरी चालतो. मीच लावला होता एकदा, दादा डॉक्टरकडे जायच्या आदल्या रात्री. माझेच हात थरथरत होते.

पुढच्या महिन्यात कंपनीत नवी लाइन सुरू होतेय. दादाने साहेबांना सांगितलं, शनिवारी मी नाही. साहेब काय म्हणाले ते त्याने सांगितलं नाही. हे किती टिकेल कुणास ठाऊक. वहिनी म्हणते, टिकेल. या शनिवारी मीही जातेय त्यांच्यासोबत. सहाला निघायचंय, भाचीने बजावलंय, "आत्या, फोन आणायचा नाही हं."