रिव्हॉल्व्हरचे काडतूस, रायफलीची नळी आणि हरीण : एका दाव्याचा प्रतिवाद

अमेरिकेतील ओहायो राज्यात हरणांच्या शिकारीचा हंगाम जवळ आला की शिकाऱ्यांमध्ये एक मजकूर दरवर्षी फिरू लागतो. त्याचा गोषवारा असा : .३५७ किंवा .४४ मॅग्नमचे काडतूस (हे आकडे गोळीचा इंचांतील साधारण व्यास सांगतात) रिव्हॉल्व्हरऐवजी रायफलीतून झाडले की त्याची ताकद दुप्पट होऊन ते .३०-३० या जुन्या रायफल-काडतुसाच्या बरोबरीला येते. त्यामुळे रिव्हॉल्व्हरसाठी आणलेली कोणतीही पेटी चालते, दोनशे यार्डांपर्यंत खुशाल नेम धरावा, आणि कायद्यानेच परवानगी दिलेली असल्यामुळे अधिक विचार करण्याचे कारण नाही. मी स्वतः .४४ची लिव्हर-ॲक्शन (चापाखालची दांडी ओढून पुढचे काडतूस भरणारी) रायफल घेऊन येथील रानात जातो आणि ती मला अतिशय प्रिय आहे. हा मजकूर आता येथे नव्याने शिकार शिकणारे मराठी मित्रही मला पाठवू लागले आहेत, म्हणून त्याला सविस्तर उत्तर देणे भाग आहे. भारतात वन्यजीव संरक्षण कायद्याने चितळ-सांबरांची शिकार बंद आहे. पुढील विवेचन अमेरिकेतील परवानाधारक शिकारीपुरतेच आहे, हे आरंभीच स्पष्ट करतो.

पहिला मुद्दा ताकदीचा, आणि त्यात तथ्य आहे हे मान्य केले पाहिजे. २४० ग्रेन (एक ग्रेन म्हणजे सुमारे ०.०६५ ग्रॅम) वजनाची .४४ मॅग्नमची गोळी चार इंची नळीतून सेकंदाला सुमारे १,१८० फूट वेगाने निघते, तर रायफलीच्या लांब नळीत दारूला जळायला पुरेसा अवधी मिळाल्यामुळे तीच गोळी सुमारे १,७६० फुटांचा वेग गाठते, आणि तिची ऊर्जा ७४१ फूट-पाउंडांवरून १,६५० वर जाते. दुप्पट हा शब्द येथे खरा ठरतो. मात्र .३०-३०च्या बरोबरीचा निष्कर्ष त्यातून निघत नाही. .३०-३०ची १५० ग्रेनची गोळी नळीच्या तोंडाशी सुमारे १,९०० फूट-पाउंड आणि शंभर यार्डांवर सुमारे १,३०० फूट-पाउंड ऊर्जा राखून असते; .४४ची त्याच अंतरावर १,०१५ उरते. .३५७ची १५८ ग्रेनची गोळी तर शंभर यार्डांवर ७१५ वर येते, म्हणजे .३०-३० दोनशे यार्डांवर जेवढी ऊर्जा बाळगते, त्याहूनही कमी. आखूड, जाड आणि बोथट गोळी हवेत लवकर मंदावते. नळीने दिलेला वेग तिला फार काळ टिकवता येत नाही.

‘कोणतीही पेटी चालते’ हा दुसरा मुद्दा मला सर्वांत घातक वाटतो. रिव्हॉल्व्हरसाठी बनवलेली हलकी, पोकळ टोकाची गोळी त्या शस्त्राच्या वेगाला उमलावी अशा बेताने घडवलेली असते. .३५७ची १२५ ग्रेनची अशी गोळी रायफलीतून सेकंदाला दोन हजार फुटांच्या आसपास वेगाने निघते, आणि तेव्हा ती आत खोल जाण्याआधीच फुटते. वाढलेला वेग येथे उपकारक ठरण्याऐवजी गोळीलाच मोडतो. दोन हंगामांपूर्वी शेजारच्या एका तरुणाने चाळीस यार्डांवरून अशाच गोळीने एका मादीवर बार टाकला. ती खाली वाकली, उठली आणि मक्याच्या कापलेल्या शेतातून ओढ्याकडे गेली. आम्ही दोघे टॉर्च घेऊन रात्री आठपर्यंत रक्ताचा माग काढत होतो; आधी प्रत्येक पावलाला ठिपका होता, मग दहा पावलांना एक, मग काहीच नाही. सकाळी ती ओढ्याच्या पलीकडे सापडली. कातडे काढल्यावर दिसले की खांद्यावरचे मांस रक्ताने काळेनिळे होऊन लिबलिबीत झाले होते, फऱ्याचे हाड तडकले होते, आणि फासळ्यांच्या आत गोळीच्या वेष्टनाचा नखाएवढा एकच तुकडा पोहोचला होता. नेम चुकलेला नव्हता. काडतूस चुकलेले होते, आणि त्याची किंमत त्या जनावराने रात्रभर मोजली.

म्हणून .३५७साठी १५८ ग्रेनची मऊ टोकाची, किंवा त्याहून बरी म्हणजे १८० ग्रेनची, शिसे व वेष्टन घट्ट जोडलेली अथवा कठीण मिश्रधातूत ओतलेली चपट्या तोंडाची गोळी घ्यावी. .४४मध्ये २४० ग्रेनची मऊ टोकाची गोळी बहुतेकांना पुरते. जास्त जड म्हणजे जास्त चांगली, असे मात्र समजू नये : जुन्या मार्लिन १८९४ रायफलींच्या नळीतील आटे (गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा) ३८ इंचांत एक फेरा घेतात आणि ३०० ग्रेनच्या लांब गोळ्या त्यांत नीट स्थिरावत नाहीत, तर रुगर ७७/४४ या .४४च्याच रायफलीत हाच फेरा २० इंचांत पूर्ण होतो. नळीसारखे मॅगझिन असलेल्या रायफलीत टणक अणकुचीदार टोकाची गोळी कधीही भरू नये, कारण ते टोक पुढच्या काडतुसाच्या तळाशी असलेल्या, दारू पेटवणाऱ्या टोपीवर टेकलेले असते आणि धक्क्याने ते काडतूस मॅगझिनमध्येच फुटू शकते. हॉर्नाडी या काडतुसे बनवणाऱ्या कंपनीने लवचीक टोकाची गोळी काढली ती याच अडचणीवर. .३८ स्पेशल हे कमी ताकदीचे काडतूस .३५७च्या रायफलीत बसते आणि झाडताही येते, पण ते कागदी निशाणासाठी ठेवावे.

कायद्याच्या मुद्द्याला फार वेळ लागू नये. ओहायोने २०१४च्या हंगामापासून सरळ कवचाच्या (म्हणजे .३५७-.४४सारख्या, कवच तोंडाशी निमुळते नसलेल्या) काडतुसांच्या रायफलींना परवानगी दिली, मिशिगनच्या दक्षिण भागातही त्याच वर्षी तशी मुभा मिळाली. सपाट आणि दाट वस्तीच्या मुलखात गोळी फार दूर जाऊ नये, हा त्यामागचा विचार होता. ओहायोचा नियम गोळीचा व्यास पाहतो. ती हरणाच्या छातीत किती खोल जाईल हे पाहत नाही. कोलोरॅडोचा नियम शंभर यार्डांवर १,००० फूट-पाउंडांची अट घालतो, आणि त्या अटीत .४४ जेमतेम बसते, .३५७ बसत नाही.

राहिला अंतराचा मुद्दा. शंभर यार्डांवर नेम जुळवलेल्या .४४ची २४० ग्रेनची गोळी दीडशे यार्डांवर सुमारे अर्धा फूट आणि दोनशे यार्डांवर सुमारे दीड फूट खाली उतरते. पांढऱ्या शेपटीच्या हरणाच्या हृदय-फुप्फुसांचा भाग साधारण आठ इंचांचा. अंतराच्या अंदाजात वीस-पंचवीस यार्डांची चूक संधिप्रकाशात कोणाचीही होते, आणि दोनशे यार्डांच्या आसपास तेवढी चूक पोटात गोळी घालण्यास पुरेशी असते. मी .४४साठी शंभर-सव्वाशे यार्ड ही मर्यादा मानतो. ज्यांच्याकडे फक्त .३५७ आहे त्यांनी पाऊणशे यार्डांच्या आत, जनावर पूर्ण आडवे उभे असताना आणि पुढचा पाय किंचित पुढे पडलेला असतानाच चाप ओढावा. ते तिरके वळले असेल किंवा अंतराची खात्री नसेल, तर रायफल खाली करावी आणि त्याला जाऊ द्यावे.