बाटलीला नव्हे, तोंडाला फेस

घरी बिअर बनवणे हे लोकांना वाटते तितके अवघड काम नाही. माल्टचे, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याचे, पाणी उकळावे, त्यात हॉप्सची कडू फुले घालावीत, निवल्यावर यीस्ट सोडावे आणि आठ-पंधरा दिवस त्या पिंपाकडे ढुंकूनही पाहू नये, एवढे ज्याला जमते त्याला पिण्याजोगे काहीतरी मिळतेच. खरी परीक्षा सुरू होते ती बाटल्या भरून झाकणे बसवल्यानंतर, कारण आत काय चालले आहे हे जाणून घेण्याचा खात्रीचा मार्ग तेव्हापासून एकच उरतो, तो म्हणजे बाटली उघडणे. आणि बाटली उघडली की जे पाहायचे होते तेच निघून जाते.

मी हा उद्योग मिनेसोटात करतो. इथे तो कायदेशीर आहे हे आधीच सांगितलेले बरे, कारण पुण्याच्या नातेवाइकांकडे विषय काढला की त्यांच्या डोळ्यांसमोर हातभट्टी उभी राहते. महाराष्ट्रात पिण्यासाठीसुद्धा परवाना लागतो, तिथे बनवण्याची गोष्टच सोडा. अमेरिकेत मात्र 1978 साली राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने दोन सज्ञान माणसांच्या घराला वर्षाकाठी 200 गॅलन बिअर कर न भरता बनवण्याची मुभा दिली. म्हणजे साडेसातशे लिटरांहून अधिक. इतकी बिअर आमच्या घरात कोणी पिणार नाही, आणि या हिवाळ्यात जी बनली होती ती तर कोणीच पीत नव्हते.

चवीबद्दल तक्रार नव्हती. हॉप्सचा कडूपणा बेताचा होता, रंग मधासारखा उतरला होता. पण ग्लासात ओतल्यावर ती जी निपचित पडून राहायची ती शेवटपर्यंत. एक बुडबुडा तळातून निघायचा, अर्ध्या वाटेत त्याचा विचार बदलायचा आणि तो काचेला चिकटून बसायचा.

कारखान्यात बुडबुडे आणणारा कार्बन डायऑक्साइड वायू दाबाखाली थेट बिअरमध्ये विरघळवतात. घरी ते काम यीस्टकडून करून घ्यावे लागते. मुख्य आंबवण संपली की बिअरमध्ये मोजून साखर मिसळायची, 19 लिटरांना साधारण 120 ग्रॅम डेक्स्ट्रोज, आणि लगेच बाटल्या भरून झाकणे दाबून बसवायची. बिअरमध्ये उरलेले यीस्ट ती साखर खाते, वायू सोडते, आणि वायूला बाहेर पडायला वाट नसल्यामुळे तो मुकाट्याने बिअरमध्ये मुरतो. सगळे सुरळीत झाले तर लिटरभर बिअरमध्ये सुमारे अडीच लिटर वायू मावतो. साखर कमी पडली तर बिअर मिळमिळीत होते आणि फारच जास्त पडली तर बाटली फुटते, त्यामुळे या छंदातला माणूस एक तर नाराज असतो किंवा घाबरलेला असतो.

पहिली बाटली उघडली तेव्हा आवाजच आला नाही. दुसरी काही दिवसांनी उघडली तेव्हा मात्र असा दमदार ‘फस्स’ आला की बायको स्वयंपाकघरातून ‘झाली वाटतं!’ म्हणत बाहेर आली. ग्लासात पाहतो तर तीच निपचित अवस्था. वायू तयार होऊन बाटलीच्या गळ्यात जमला होता, पण बिअरमध्ये उतरला नव्हता. द्रव जितका थंड, तितका वायू त्यात अधिक विरघळतो, म्हणून तयार बाटलीसुद्धा दोन दिवस फ्रिजमध्ये ठेवूनच उघडावी असा दंडक आहे. म्हणजे वायू तयार होण्यासाठी ऊब हवी आणि मुरण्यासाठी गारवा हवा. इतके नखरे घरात लग्नकार्य असताना व्याह्यांनीही केले नसते.

मग तपास सुरू झाला. बिअरचे सामान विकणाऱ्या दुकानातला दाढीवाला तरुण डॉक्टरसारखे प्रश्न विचारतो आणि उत्तर ऐकताना डॉक्टरसारखाच खिडकीबाहेर पाहतो. सगळ्या बाटल्या सपक आहेत की काहीच, हा त्याचा पहिला प्रश्न, आणि तो अगदी मर्माचा आहे. काही बाटल्या उसळत असतील आणि काही मेलेल्या असतील, तर साखर पिंपात नीट मिसळली नाही किंवा काही झाकणे गळत आहेत, असा निष्कर्ष निघतो. फिरवून उघडायच्या झाकणांच्या बाटल्या जुन्या म्हणून गोळा केल्या असतील, तर त्यांच्या आटे असलेल्या तोंडावर दाबायचे झाकण कित्येकदा घट्ट बसतच नाही. पण सगळ्याच बाटल्या एकजात सपक असतील तर संशय साखर, यीस्ट किंवा तापमान यांच्यावर जातो. अडचण एवढीच, की ‘सगळ्या’ हे सिद्ध करायचे तर सगळ्या उघडाव्या लागतात.

“चव गोड लागते का?” हा त्याचा पुढचा प्रश्न. गोड लागली तर यीस्टने साखर खाल्लेली नाही. गोड लागली नाही तर खाल्ली, आणि वायू निसटला. तर्क बिनतोड आहे, पण लिटरला जेमतेम सहा ग्रॅम साखर जिभेला ओळखू येणार कशी? मला ती गोड लागली. बायकोला कडू लागली. शेजारच्या निवृत्त इंजिनिअर आजोबांना ती ‘इंटरेस्टिंग’ लागली, आणि मिनेसोटात या शब्दाहून कडक टीका नाही.

आजोबांचा सल्ला धाडसी होता: सगळ्या बाटल्या उघडा, प्रत्येकीत चमचाभर साखर टाका, पुन्हा झाकणे लावा. आधीची साखर अजून आत शिल्लक असताना वर आणखी साखर टाकणे म्हणजे तळघरात सुरुंग पेरणे. सोळाव्या शतकात लंडनच्या सेंट पॉल्स चर्चचे डीन अलेक्झांडर नॉवेल मासे धरायला गेले असता एलची, म्हणजे बिअरच्याच एका प्रकाराची, बाटली नदीकाठच्या गवतात विसरले आणि काही दिवसांनी ती उघडताच बंदुकीसारखा आवाज झाला, अशी आख्यायिका आहे. बाटलीबंद एलचा शोध त्यांनीच लावला असेही सांगतात. ज्या माणसाला बाटली कुठे ठेवली हेही आठवत नव्हते त्याला जे साधले, ते थर्मामीटर, हायड्रोमीटर आणि ग्रॅमचा काटा बाळगणाऱ्याला साधू नये, हा अन्याय माझ्या फार जिव्हारी लागला.

बाटल्या भरताना एक प्लास्टिकची बाटलीही भरावी, ही युक्ती त्या मानाने शहाणपणाची आहे. ती दाबून पाहायची. दगडासारखी कडक लागली तर बाकीच्याही तयार आहेत असे समजायचे. आमची बाटली दाबली की ती विनयाने आत जात असे. मोबाइलच्या उजेडात काचेच्या बाटल्यांचे बूड न्याहाळले, तर यीस्टचा पांढुरका थर दिसण्याइतकाही जमला नव्हता. आमची बिअरही एलच, पाचेक टक्क्यांची होती, त्यामुळे दारूच्या माऱ्याने यीस्ट दमले असेही म्हणता येईना.

उलगडा सासूबाईंनी केला. त्या सहा महिन्यांसाठी सांगलीहून आल्या होत्या, बिअरशी त्यांचे काही देणेघेणे नव्हते, आणि त्या तळघरात उतरल्या होत्या फक्त तांदळाची पिशवी आणायला.

“जावईबापू, इथे किती गारठा आहे! इथे इडलीचं पीठसुद्धा फुगणार नाही, तुमचं हे काय फुगणार?”

बाटल्या तळघरात राहतील हा आमच्या घरातला जुना ठराव आहे, आणि उन्हाळ्यात त्याबद्दल कोणाचीच तक्रार नसते. जानेवारीत मात्र तिथला थर्मामीटर 14 अंशांवर होता. एलच्या यीस्टला या कामासाठी 20 ते 22 अंशांची ऊब मिळाली तर दोन-तीन आठवड्यांत ते काम उरकते. 15 अंशांखाली ते मरत नाही, नुसते पांघरूण ओढून पडून राहते. दुकानातल्या तरुणाने तापमानाचा प्रश्न पाचवा ठेवला होता, सासूबाईंनी पहिला विचारला.

आता घरात हिवाळ्यात हमखास उबदार अशी जागा एकच, पाण्याचा हीटर असलेली कोपऱ्यातली छोटी खोली, आणि ती सासूबाईंच्या पिठाच्या आणि दह्याच्या ताब्यात होती. वाटाघाटी बऱ्याच लांबल्या. “आई, फक्त दोन आठवडे,” असे मी म्हणालो, त्यावर “आणि दोन आठवडे नातवाला काय, ब्रेड द्यायचा?” असा प्रश्न आला, ज्याला उत्तर नसते. शेवटी निम्म्याच बाटल्यांना प्रवेश मिळाला, त्याही झाकणाच्या प्लास्टिकच्या पेटीत, म्हणजे एखादी फुटलीच तर काचा पिठात उडू नयेत. आत ठेवण्यापूर्वी प्रत्येक बाटली हलकेच उलटसुलट केली, तळाशी गेलेले यीस्ट पुन्हा बिअरमध्ये मिसळावे म्हणून. ते करताना सासूबाई दारात उभ्या होत्या आणि काही बोलत नव्हत्या.

सुपर बोलच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या, संध्याकाळी मंडळातले चार स्नेही आले. हीटरशेजारच्या बाटल्या दोन दिवस फ्रिजमध्ये मुरवून उघडल्या, तर ग्लासात दोन बोटे पांढराशुभ्र फेस उभा राहिला आणि सामन्याचा दुसरा क्वार्टर सुरू होईपर्यंत टिकला. केवळ शास्त्रीय तुलनेसाठी मी तळघरात राहिलेल्यांपैकी एक बाटली आणली, तेच माल्ट, तीच साखर, तेच यीस्ट आणि तीच पूर्वीची निपचित अवस्था. तापमानाचे महत्त्व सप्रमाण समजावून देण्याच्या मी तयारीत होतो, तेवढ्यात कोल्हापूरच्या स्नेह्यांनी तो ग्लास रिकामा करून पुढे केला.

“ही चांगली आहे हो. पोट फुगत नाही. आणखी आहे का?”

तळघरातली उरलेली पेटी मी त्यांच्या गाडीत ठेवून दिली, घरी गेल्यावर ती हीटरजवळ ठेवू नका असे दोनदा बजावून.