शोक विस्थापिताचा आणि आश्चर्य पर्यटकाचे?

विस्थापनावरच्या कवितेत भावनांची जी वाटणी झाली आहे ती मला साताऱ्यातल्या कविसंमेलनांत नेहमी खटकते. ज्याचे गाव कोयना धरणाच्या पाण्याखाली गेले त्याने फक्त रडायचे, आणि त्याच धरणाच्या शिवसागर जलाशयाचा निळा विस्तार पाहून थक्क व्हायचे ते तापोळ्याला होडीत बसायला आलेल्या पाहुण्याने. उजाड वेस, पडका वाडा, आईचे पाणावलेले डोळे एवढ्यावर कविता थांबते. टाळ्या मिळतात, पण त्या खोऱ्यात राहिलेला माणूस तिच्यात कुठेच सापडत नाही.

त्या माणसाचे दुःख खोटे आहे, असे मुळीच नाही. धरणात पाणी साठू लागले १९६२ च्या सुमारास, तर महाराष्ट्रात पुनर्वसनाचा कायदा झाला १९७६ मध्ये. शिवाय ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेच्या भूकंपाने, ज्याचा संबंध अभ्यासक जलाशयाशी जोडतात, पायाखालची जमीनही भरवशाची राहिली नाही. पुढे कोयना आणि चांदोलीच्या जंगलांचा सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला आणि काही गावांना वाघासाठीही उठावे लागले.

पण याच डोंगरातली माणसे वाघजाई देवीला पुजत आली आहेत. ज्याची भीती वाटते त्यालाच हात जोडायचे, रानात शिरताना नाव घ्यायचे आणि परतल्यावर नवस फेडायचा, या रीतीत भय आणि अचंबा कधी वेगळे पडलेच नाहीत. सपाट माळावरच्या पुनर्वसन वसाहतीत, जिथे वाघ तर सोडाच, धड सावलीचे झाडही नाही, तिथे पत्र्याच्या देवळात वाघजाईची नव्याने स्थापना करणाऱ्या माणसाच्या मनात काय चालत असेल? मला तरी विस्थापनाची खरी कविता तिथे सुरू होताना दिसते. (आमचे काही समीक्षक याला भाबडेपणा म्हणतील, म्हणोत.)

जात्यावरच्या ओवीला हे पूर्वीपासून साधलेले आहे. माहेर सोडून आलेली सासुरवाशीण हीसुद्धा विस्थापितच, तरी ती एकाच ओवीत भावाची वाट पाहते आणि पुढच्याच ओवीत भरून वाहणाऱ्या कृष्णामाईकडे कौतुकाने बघते. या कौतुकाने तिचा वियोग हलका होत नाही, उलट अधिक खरा वाटतो.

कोयना किंवा वारणा खोऱ्यातून उठलेल्या घरांत वाघजाईच्या, नदीच्या अशा ओव्या कुणी आजीच्या तोंडून ऐकल्या असतील, तर त्या जुन्या गावाच्या नावासह मला जरूर कळवाव्यात.