‘सिटी लाइट्स’ कॉमेडीत?
अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटने २००८ मध्ये दहा प्रकारांतले दहा-दहा सर्वोत्तम सिनेमे निवडले होते, ती यादी वाचली. गँगस्टरपटांत ‘द गॉडफादर’ पहिला, वादच नाही. पण कोर्टरूम ड्रामात ‘१२ अँग्री मेन’ दुसरा? (तसा तो कोर्टात फारसा घडतच नाही म्हणा, जवळजवळ सगळा ज्युरीच्या खोलीत!) त्यात हेन्री फोंडा खिशातून डिट्टो खुनातल्या चाकूसारखाच चाकू काढून टेबलात खुपसतो, तिथे मी अजूनही सरसावून बसते. आणि ‘सिटी लाइट्स’ रोमँटिक कॉमेडीत पहिला! नंबर मान्य, खाना चुकलाय. दृष्टी आलेली फुलवाली चॅप्लिनच्या हातात नाणं ठेवते आणि स्पर्शावरून त्याला ओळखते, तेव्हा आमच्या घरात कुणी हसत नाही. आईचा तर पदर डोळ्यांना.