‘टर्बोने इंजिनाचे वाटोळे केले’ या अभिप्रायाला गॅरेजमालकाचे उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपला एक तारा दिलेला अभिप्राय मी परवा वाचला, आणि आपण तो मराठीत लिहिला असल्याने उत्तरही मराठीतच देतो. आपल्या तक्रारी थोडक्यात अशा: आमच्या कॅनडातल्या कॅल्गरीच्या गॅरेजमध्ये यामाहा नायट्रो या स्नोमोबाइलवर, म्हणजे बर्फावर धावणाऱ्या गाडीवर, टर्बो बसवून घेऊन आपण ती गोल्डन या डोंगरातल्या गावी नेली, पण सकाळी ती सुरूच झाली नाही, पाऊण तास सेल मारून बॅटरी उतरली, हवेचा पाइप निसटलेला आढळला, फोनवर आम्ही उडवाउडवी केली, आणि टर्बोच्या नादात चांगल्या इंजिनाचे वाटोळे झाले. यांतली शेवटची तक्रार मला मान्य नाही. बाकीच्या बहुतेक मान्य आहेत, आणि आमची एक चूक अशी आहे की ती आपल्या अभिप्रायात आलेलीच नाही, कारण ती आपल्याला कळण्याचा मार्गच नव्हता.

सेल मारताना टर्बोचा आवाज येत नव्हता म्हणून तोच जाम झाला असावा, असे आपण लिहिले आहे. टर्बो इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर फिरतो आणि इंजिनात जास्त हवा कोंबून त्याची ताकद वाढवतो. सेलवर इंजिन मिनिटाला जेमतेम दोन-तीनशे फेरे घेते आणि पेट्रोल पेटलेलेच नसते, त्यामुळे त्या क्षणी टर्बो असला काय नि नसला काय, सारखेच. टर्बो बसवल्यावर गाडी सुरू होत नसेल, तर दोष टर्बोत क्वचितच सापडतो. तो बसवताना ज्या गोष्टींना हात लागतो, म्हणजे पेट्रोल फवारणारे इंजेक्टर, पेट्रोलचा दाब, सेन्सरचे प्लग, अर्थिंगची वायर आणि किती पेट्रोल सोडायचे ते ठरवणाऱ्या कंट्रोलरमधले आकडे, त्यांत तो शोधावा लागतो.

आपली गाडी ट्रेलरवरून परत आली तेव्हा आम्ही सर्वांत आधी किल स्विच, म्हणजे इंजिन बंद करण्याचे बटण, पाहिला. हसू नका, निव्वळ त्यापायी दूरवरून ओढून आणलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत. तो ठीक होता. बॅटरी चार्ज करून सेल मारला, तर व्होल्टेज ८.६ पर्यंत खाली येत होते, म्हणून बॅटरी बदलली, तरीही इंजिन धरेना. मग स्पार्क प्लग काढले. तिन्ही प्लग पेट्रोलने चिंब होते. मधल्याच्या टोकावरून तर थेंब ओघळून माझ्या बोटावर आला. डिपस्टिक काढली तेव्हा ऑइल वरच्या खुणेच्याही बोटभर वर होते आणि त्याला पेट्रोलचा उग्र वास येत होता. थोडक्यात, इंजिनाला पेट्रोल मिळत नव्हते असे नाही, तर ते नको इतके मिळत होते; आपल्याकडे ज्याला गाडी ओव्हरफ्लो होणे म्हणतात, तेच.

आता ती न कळलेली चूक. टर्बोसाठी आम्ही मूळ इंजेक्टरच्या जागी साधारण दीडपट पेट्रोल सोडणारे इंजेक्टर बसवले. इंजिन थंड असताना त्याला सुरू होण्यासाठी जास्त पेट्रोल लागते, म्हणून गाडीचा कॉम्प्युटर पाण्याचे तापमान पाहून इंजेक्टर अधिक वेळ उघडा ठेवतो. पण तो हिशेब मूळ इंजेक्टरचा असतो. मोठे इंजेक्टर बसवल्यावर ही वेळ कमी करणे हे किटसोबतच्या कंट्रोलरचे काम आहे. त्यात सेल मारतानाच्या पेट्रोलचा वेगळा तक्ता असतो, आणि उणे १० च्या खालचे रकाने आमच्या मेकॅनिकने भरलेच नव्हते. गॅरेजमध्ये १७ अंशांत गाडी पहिल्याच सेलला सुरू झाली, आपल्यासमोरही झाली, आणि आम्ही समाधानाने ती आपल्या हवाली केली. गोल्डनला त्या रात्री पारा उणे २६ वर होता. थंडीसाठीचे वाढीव पेट्रोल, तेही दीडपट, तिन्ही सिलिंडरांत ओतले गेले. शिवाय टर्बोसाठी जाड गॅस्केट घालून कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मुद्दाम थोडे उतरवलेले असते, त्यामुळे असे इंजिन थंडीत मूळ इंजिनाइतके सोशीक राहत नाही. बर्फात चालणाऱ्या गाडीची चाचणी उबेत घेऊन ती ग्राहकाला देणे ही चूक आमचीच आहे, त्यावर सबब नाही.

फोनची गोष्ट मला अधिक लागली. काउंटरवरच्या मुलाने आपल्याला सांगितले की टर्बोच्या गाड्या सुरू व्हायला वेळ घेतात, सेल मारत राहा. ही उडवाउडवी नव्हती, त्याहून वाईट, म्हणजे चुकीचा सल्ला होता. ओव्हरफ्लो झालेल्या इंजिनावर सेल मारत राहिले की सिलिंडरच्या भिंतीवरचे ऑइल धुऊन निघते, कॉम्प्रेशन आणखी उतरते, बॅटरी संपते आणि पेट्रोल खाली ऑइलमध्ये मुरते. त्याने तिथेच थांबून प्लग काढायला सांगितले असते, तर आपला एखादा तास गेला असता, दोन दिवस गेले नसते.

पाइपबाबत मात्र माझे वेगळे म्हणणे आहे. आपण नंतर एअर इनटेकमध्ये स्टार्टिंग स्प्रे मारल्याचे स्वतःच सांगितले होते. आत पेट्रोल साचलेले असताना स्प्रे मारला की उलटा भडका उडतो, आणि इंजिनात हवा सोडणाऱ्या थ्रॉटल बॉडीकडे जाणारा सिलिकॉनचा पाइप त्याच धक्क्याने क्लॅम्पमधून निसटला. पाइपच्या आतल्या बाजूला काजळीचा ताजा पट्टा होता आणि क्लॅम्पचा स्क्रू पूर्ण आवळलेला होता. आपल्याला दोष देण्यासाठी हे लिहीत नाही, हतबल माणूस तेच करतो, पण टर्बो बसवलेल्या गाडीवर हा स्प्रे कृपया पुन्हा वापरू नये. पाइपचे पैसे लावलेले नाहीत.

वाटोळे मात्र झालेले नाही. आम्ही पेट्रोल पंपाचा फ्यूज काढून, प्लगविना सेल मारून सिलिंडर कोरडे केले, प्रत्येकात चमचाभर ऑइल सोडले आणि नवे प्लग घातले. पेट्रोल मिसळलेले ऑइल फिल्टरसह काढून कडक थंडीत चालणारे ०डब्ल्यू-३० ऑइल भरले, कारण टर्बोचे बेअरिंग याच ऑइलवर चालते आणि पातळ झालेल्या ऑइलवर गाडी पळवली असती तर मात्र आपला शब्द खरा ठरला असता. तिन्ही सिलिंडरांचे कॉम्प्रेशन आता एकमेकांपासून ५ पीएसआयच्या (दाबाचे एकक) आत आहे. तक्त्याचे सगळे रकाने भरले आणि गाडी तीन रात्री अंगणात उघड्यावर ठेवली. तिन्ही सकाळी ती दोन-तीन सेकंदांत सुरू झाली, त्यांतली एक सकाळ उणे २४ ची होती.

टर्बो काढून टाकण्याचा विचार मात्र सध्या करू नये, अशी विनंती आहे. २,००० मीटर उंचीवर विरळ हवेमुळे साधे इंजिन आपली साधारण पाचवा हिस्सा ताकद गमावते, आणि आपण ज्या चढांसाठी हा खर्च केला, तिथेच ती कमी पडते.

ट्यूनिंगची मजुरी आपल्या कार्डावर परत केली आहे. नवी बॅटरी, ऑइल, प्लग आणि ट्रेलरचे भाडे आमच्याकडे. हॉटेलच्या दोन रात्रींचे बिल पाठवावे, तेही देतो. अभिप्राय बदलण्याची अपेक्षा नाही. गाडी न्यायला ज्या दिवशी येणार असाल, ते आदल्या संध्याकाळी कळवा. ती रात्रभर बाहेरच ठेवतो, म्हणजे पहिला सेल आपल्यालाच मारता येईल.